घरातील लस न घेतलेली ज्येष्ठ व्यक्ती

मी फक्त एका चौकोनात बरोबरची खूण केली होती. एवढ्यावरनं माणूस गोत्यात येईल असं कुणाला वाटेल? आणि चौकोन तरी केवढा, मोबाइलवर अंगठ्याखाली दिसतसुद्धा नव्हता. पण त्या चौकोनापायी आमच्या आक्काच्या नाकात काडी गेली, गल्लीनं आमच्या घराकडं पाठ फिरवली आणि माझा फोटो आठ बाय दहा फुटांच्या फ्लेक्सवर चौकात लागला. म्हणून म्हटलं, सांगूनच टाकावं.

माझं नाव सम्राट. (वडिलांनी ठेवलं. त्यांना पुढचं काही दिसलं नसावं.) विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका खासगी कंपनीच्या कोल्हापूर शाखेत मी सीनियर असिस्टंट आहे. माझ्या हाताखाली एक स्टेपलर आहे. पहिलं लॉकडाउन लागलं तेव्हा कंपनीनं लॅपटॉप देऊन घरी पाठवलं, आणि पुढची दीड वर्षं मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पाटावर लॅपटॉप ठेवून लोकांच्या हॉस्पिटलच्या बिलांवर शंका घेत बसलो. घरात आम्ही तिघं. मी, बायको तेजस्वी आणि आई. तेजस्वी शाळेत शिकवते. आईला अख्खी गल्ली आक्का म्हणते, म्हणून मीही आक्काच म्हणतो. वय त्र्याहत्तर. माझे आणि तेजस्वीचे दोन्ही डोस कधीच झाले होते, आक्काचा एकही नव्हता.

गणपती झाले आणि पुण्याच्या हेड ऑफिसातून सर्क्युलर आलं. पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. दोन्ही डोसांचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय वॉचमन आत सोडणार नाही. सर्टिफिकेट नसेल तर बिनपगारी रजा. झालं, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कल्ला सुरू झाला. एकाचा दुसरा डोस चार दिवसांनी होता, त्यानं विचारलं, चार दिवस पायरीवर बसून काम केलं तर चालेल का? एकाची बायको पोटुशी होती, तो घाबरला होता. एकानं लिहिलं, माझ्या दंडात काय आहे हे विचारणारी कंपनी कोण? (त्यावर कुणी काही बोललं नाही, पण अंगठे सतरा आले.) मीही एक अंगठा दिला, साहेबांचं लक्ष नसताना.

मी सर्क्युलर तेजस्वीला शेवटपर्यंत वाचून दाखवलं. क्लेम तपासून तपासून लागलेली सवय, काय मिळतंय ते शेवटच्या ओळीत असतं. तिथं कलम चार होतं. घरात लस न घेतलेली ज्येष्ठ व्यक्ती असल्यास, तिचे दोन्ही डोस पूर्ण होईपर्यंत कर्मचाऱ्यास घरून काम करण्याची सवलत. खाली फॉर्म आणि फॉर्मात तो चौकोन. मी खूण केली, आक्काचं नाव आणि वय लिहिलं आणि पाठवून दिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय होतं ऑफिसात न जाण्यासारखं? लोकांना मी सांगायचो की पँटा होत नाहीत. ते खरंच होतं, दीड वर्षात मी लुंगीच्या मापाचा झालो होतो. शिवाय दुपारच्या मीटिंगला कॅमेरा बंद करून अर्धा तास डोळा लागायचा, ते सुख कोण सोडेल? पण खरं कारण हे नव्हतं. माझ्या शेजारच्या टेबलावर यज्ञेश्वर बसायचा. चौदा वर्षं. माझ्या डब्यातली भाकरी मोडून घ्यायचा आणि त्याच्या डब्यातलं थालीपीठ मला न विचारता माझ्या झाकणात ठेवायचा. दुसऱ्या लाटेत तो गेला. त्या टेबलाशेजारी बसून डबा उघडायचा, हे मला जमणार नव्हतं. आणि मी भ्यालो होतो, हेही सांगून टाकतो. पुरुषासारख्या पुरुषानं चाळिशी उलटल्यावर ऑफिसला जायला भ्यावं, हे कुणाला सांगणार? त्यापेक्षा पँट बरी.

आता आक्काचं ऐका. लस आल्यापासून मी तिच्या मागं लागलो होतो. आधी ती म्हणायची, गर्दी कमी होऊ दे. गर्दी कमी झाली तेव्हा लस संपली होती. शेवटी महत्प्रयासानं तिनं कबूल केलं की गणपती गेल्यावर घेऊया. पण सर्क्युलर आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी काही बोलायच्या आधी, ती चहा पिता पिता म्हणाली, "मला न्हाय टोचून घ्यायचं."

"का गं?"

"न्हाय म्हणजे न्हाय. आता ह्या वयात कशाला?"

एरवी मी तासभर वाद घातला असता. त्या दिवशी मी म्हटलं, "बरं." आणि लॅपटॉप उघडला. मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडं वाईटही वाटलं. पण मीटिंग सुरू झाली आणि मला झोप लागली.

तेजस्वी अशा गोष्टी सोडत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर कोण काय करतंय ते तिला फळ्याकडं तोंड करून दिसतं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आक्कांना हल्ली समजावत नाही ते?"

"तिचं तिला कळतं. जबरदस्ती बरी नाही. शेवटी व्यक्तिस्वातंत्र्य आहे."

"गेल्या महिन्यात तुम्ही त्यांना उचलून रिक्षात घालणार होता."

"तेव्हा माझा अभ्यास कमी होता," मी म्हणालो. ती नुसती बघत राहिली. मला पाढे येत नसल्यासारखं वाटलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण एक दिवस आक्कानं आपणहून विचारलं, "सम्राट, लस घेतल्यावर मिसरी लावायला चालतीया का रं?" आक्काची मिसरी म्हणजे सकाळ संध्याकाळ तंबाखूची काळी पूड दातांना. पन्नास वर्षांत तिचा एक दिवस चुकलेला नाही. मला वाटलं, ही आता मऊ पडायला लागली. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "छे छे. सहा महिने नाव काढायचं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय."

आक्कानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "व्हय का? मग तर न्हायच." आणि ती मिसरी भाजायला गेली. त्या वासानं मला ठसका लागला. (देवानं हाणायचं ठरवलं की तो जवळची वस्तू उचलतो.)

मग धैर्यशील आला. धैर्यशील आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसते जोर बैठका नव्हेत, गल्लीच्या अब्रूचा सगळा कारभार तिथून चालतो. रविवारी तालमीत लसीकरणाचं शिबिर होतं आणि तो यादी घेऊन दारात उभा होता.

"दादा, आपल्या गल्लीत साठीच्या वरच्या सगळ्यांचं झालं. एकच नाव ऱ्हायलंय. पलीकडच्या तालमीनं परवा शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लावला, बघितला न्हवं? येताजाता पोरं दाखवत्यात आमाला. आता गल्लीची अब्रू तुमच्या आक्काच्या दंडावर हाय."

आक्का आत भाकरी थापत होती. तिचा थापटण्याचा आवाज बाहेर येत होता. मी आवाज खाली आणून म्हणालो, "तिला जरा कणकण आहे रे."

बास. एवढंच बोललो. साधी कणकण. दोन वर्षांपूर्वी कुणाला कणकण आली तर शेजारणी काढा घेऊन यायच्या. धैर्यशील तीन पावलं मागं गेला, मास्क नाकावर चढवला आणि म्हणाला, "दादा, तुमी काळजी करू नका, आमी हाय की." आणि तो अशा चालीनं गेला की पुन्हा मागं वळून बघितलं नाही.

दहा मिनिटांत समोरच्या धोंडुबाईंनी खिडकी लावली. ती खिडकी त्यांच्या सुनेच्या बाळंतपणातसुद्धा लागली नव्हती. दूधवाल्यानं किटली कोपऱ्यावरच्या खांबाशी ठेवली आणि लांबून ओरडून सांगितलं की मापात दूध ओतून ठेवलंय, घेऊन जावा. अकरा वाजता दारात आरोग्य केंद्राची दोन माणसं. निळे हातमोजे, हातात डबा. धैर्यशीलनंच फोन केला होता, काळजीपोटी.

"पेशंट कुठं आहेत?" त्यातल्या ताईंनी विचारलं.

पेशंट पदराला हात पुसत बाहेर आली. "कुणाला काय झालंय?"

"आजी, तुम्हाला ताप आहे ना?"

"मला?" आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. मी तेव्हा खरं बोलायला पाहिजे होतं. समोर दोन सरकारी माणसं, मागं अर्धी गल्ली गच्चीवर, आणि मी म्हणायचं की मी खोटं बोललो, का तर मला ऑफिसात जायचं नाही. जीभच उचलली नाही. आक्का खुर्चीवर बसली आणि तिनं तोंड वर केलं. ताईंनी तिच्या एका नाकपुडीत लांब काडी घातली, मग दुसरीत. आक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता, पण आवाज केला नाही.

"पंधरा मिनिटांत कळेल," ताई म्हणाल्या.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. मला माहीत होतं की तिला काही झालेलं नाही. कणकण माझ्याच डोक्यातून निघाली होती. पण टेस्टची पट्टी कुणाचं ऐकते? बाजारात ती परवा गेली होती, देवळात गेली होती. समजा, निघालं तर? तिच्या अंगात लसीचा एक थेंब नव्हता आणि नसावा यासाठी गेले तीन आठवडे मी झटत होतो. आणि मग मला आठवलं की यज्ञेश्वरचा शेवटचा फोन आला होता तेव्हा तो म्हणाला होता, "जरा कणकण आहे, उद्याच्या माझ्या फायली तू बघ." मी त्या फायली बघितल्या होत्या. तोच शब्द मी आज आईला चिकटवला होता, एका लुंगीसाठी आणि अर्ध्या तासाच्या झोपेसाठी. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि भीती तर त्याहून जास्त.

"निगेटिव्ह आहे," ताई आतून म्हणाल्या.

मी आत गेलो. आक्का डोळे पुसत बसली होती. मी म्हणालो, "आक्का, रविवारी तालमीत जाऊया. लस घेऊन टाक."

मला वाटलं होतं, दोन तास समजूत घालावी लागेल. ती म्हणाली, "जाऊया की." आणि तव्यावरची करपलेली भाकरी बघायला गेली.

रविवारी मी तिला हाताला धरून तालमीत नेलं. भिंतीला टेकवलेल्या लाकडी मुद्गलांच्या शेजारी टेबल मांडलं होतं. नर्सनं सुई टोचली, आक्का म्हणाली, "झालं? एवढ्यासाठीच व्हय?" लगेच पोरांनी हलगी वाजवली. धैर्यशीलनं तिला भगवा फेटा बांधला, नारळ दिला, फोटो काढले. धोंडुबाई पुढं येऊन तिच्या गळ्यात पडल्या. धैर्यशील माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, तुमचाबी एक चांगला फोटो टाका व्हॉट्सॲपवर."

मी भारावलेला होतो, मी टाकला. मोबाइल कानाला लावून लांब कुठंतरी बघतोय असा. (कोल्हापुरात दुसऱ्या पोझचा फोटो फ्लेक्सवाले घेत नाहीत.) कशासाठी पाहिजे हे विचारायचं राहून गेलं. कारण माझ्या डोक्यात वेगळाच आनंद उकळत होता. कलम चारमध्ये लिहिलं होतं, दोन्ही डोस पूर्ण होईपर्यंत. दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी. म्हणजे आईलाही लस मिळाली, मनही साफ झालं आणि वर बारा आठवडे लुंगी. माणूस सुधारायला लागला की देव त्याला थोडी सवलत देतो, असं मला त्या दिवशी वाटलं.

गुरुवारी सकाळी दूध आणायला गेलो आणि चौकात थांबलो. समोर फ्लेक्स. मध्ये फेटा बांधलेली आक्का, झाशीच्या राणीच्या चित्राच्या वर. डोक्यावर सोनेरी अक्षरं, 'आमच्या गल्लीचे १००% लसीकरण पूर्ण'. आणि खाली, आक्काच्या निम्म्या आकारात, मोबाइल कानाला लावलेला मी. माझ्याखाली लिहिलं होतं, 'आदर्श पुत्र मा. सम्राटदादा'. कंपनीचं नावही होतं. त्यांनी ते माझ्या व्हॉट्सॲपवरून उचललं होतं.

आमचे शाखा व्यवस्थापक अमरसिंह सर कळंब्याला राहतात आणि रोज सकाळी याच चौकातून गाडी घालतात. साडेनऊला ऑफिसच्या ग्रुपवर त्या फ्लेक्सचा फोटो पडला. खाली सरांनी लिहिलं होतं, 'हार्दिक अभिनंदन. सोमवारी भेटू.'

मी फोन लावला. "सर, आईचा पहिलाच डोस झालाय. सर्टिफिकेट पाठवतो."

"फ्लेक्सवर शंभर टक्के पूर्ण लिहिलंय, सम्राट."

"सर, ते आपलं मंडळाचं..."

"म्हणजे तुमच्या तालमीचा फ्लेक्स खोटा आहे? लिहून दे तसं. मी पुण्याला कळवतो, आणि येताना धैर्यशीललाही सांगतो. भाचा आहे माझा."

आता तुम्हीच सांगा. एकीकडं कंपनीचं कलम चार आणि दुसरीकडं गल्लीचा फ्लेक्स. सरकारी सर्टिफिकेटवर कोल्हापुरात एक वेळ वाद घालता येतो. फ्लेक्सवर घालता येत नाही, त्याच्याखाली राहायचं असतं. मी म्हणालो, "सोमवारी येतो सर."

सोमवारी पँट चढवायला मला आणि तेजस्वीला मिळून सात मिनिटं लागली. वरचं बटण उघडंच ठेवून शर्ट बाहेर काढला. डबा घेतला, सर्टिफिकेट घेतलं, मास्क लावला. आक्का दाराशी खुर्ची टाकून बसली होती, दातांना मिसरी लावत. तिला बघितलं आणि माझ्यानं राहवेना. मी तिच्यापाशी खाली बसलो. (बसताना काहीतरी उसवल्याचा आवाज झाला, तो आम्ही दोघांनी ऐकला नाही असं ठरवलं.)

"आक्का, मिसरीचं मी खोटं सांगितलं होतं. कणकणीचंही. मला ऑफिसात जायचं नव्हतं. तू लस घेतली नाहीस तर मला घरी राहायला मिळणार होतं."

"म्हाईत हाय," आक्का म्हणाली.

"कसं?"

"तेजस्वीला वाचून दाखवत हुतास न्हवं त्या दिवशी? घरात बिनलशीची म्हातारी असली तर तुला सुट्टी. मला काय ऐकू येत न्हाय व्हय? तुझा त्यो यज्ञेश्वर गेल्यापासनं तू रात्री दचकून उठतोयास, ते काय मला दिसत न्हाय? तवाच मी ठरीवलं, न्हाय घ्यायची लस. माझं काय, आज हाय उद्या न्हाय. तू घरात सुखरूप ऱ्हायलास म्हणजे झालं."

तीन आठवडे मी तिच्या जिवावर घरी बसायचा डाव मांडत होतो, आणि ती आपला जीव मुद्दाम माझ्यासाठी उघडा ठेवून बसली होती. तेजस्वी मागं उभी होती, तिनं तोंड फिरवलं. मी आक्काचा हात धरला. तेव्हा कुठं मला विचारायचं सुचलं.

"मग शिबिराला लगेच कशी तयार झालीस?"

आक्कानं बोट धुतलं, चूळ भरली आणि शांतपणे म्हणाली, "नाकात काडी घातली तवा इचार केला. तू हापिसात गेलास तर माझा जीव नुसता घाबरा हुईल. घरात ऱ्हायलास तर नक्की जाईल."

मी उठलो. एका हातानं पँट धरून, दुसऱ्या हातात डबा घेऊन गल्लीत आलो. मागून आक्काचा आवाज आला. मला वाटलं, जपून जा म्हणत असेल.

"सावकाश ये रं संध्याकाळी," ती म्हणाली, "घाई न्हाय काय." आणि आतून कडी लागली.